मॅकवर केलेली मराठी सीडी विंडोजवर नेताना

काम 1995 सालचं, खालचे सल्लेही त्याच काळच्या यंत्रांसाठीचे. मुलांसाठी मराठी अक्षरओळखीची सीडी, आणि ती मॅकिंटॉश आणि विंडोज 3.1 दोन्हींवर चालायला हवी. चित्रं आणि आवाज मॅकवर तयार होणार होते, पण वापरणाऱ्या बहुतेकांकडे 486 चिपचा पीसी. म्हणून चित्र, आवाज आणि मजकूर एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर निवडताना एकच कसोटी लावली: इथे केलेली फाइल तिथे उघडते का?

हायपरकार्ड या कसोटीवर पहिल्याच फेरीत बाद. 1987 पासून ते मॅकबरोबर मिळायचं, शिकायलाही सोपं, पण मॅकपुरतंच. शिवाय मॅकच्या फाइलचे फोर्क नावाचे दोन भाग असतात: हायपरकार्डच्या स्टॅकमधली, म्हणजे त्याच्या फाइलमधली, कार्डं डेटा फोर्कमध्ये आणि आवाज, आयकॉन, बाहेरून जोडलेल्या कमांड रिसोर्स फोर्कमध्ये असतात. हा दुसरा फोर्क पीसीच्या लेखी नसतोच. टूलबुकची अडचण उलटी, ते फक्त विंडोजवर. अमिगा या संगणकावरच्या स्कालाचा मोह मोठा होता, टीव्हीवर दाखवायला त्याला तोड नव्हती. पण अमिगाची 880 केबीची फ्लॉपी पीसीचा ड्राइव्ह वाचत नाही, आणि पुढे पीसीवर चालवायचं कसं हा प्रश्न उरतोच. राहिला डायरेक्टर. 1994 च्या चौथ्या आवृत्तीपासून तो दोन्हीकडे आला आणि तीच मूव्ही (डायरेक्टरची फाइल) दोन्हीकडे उघडू लागली.

फायली नेण्याबद्दल थोडक्यात. मॅकची 800 केबीची फ्लॉपी पीसीत घालू नका. मॅकचा ड्राइव्ह ट्रॅकनुसार चकतीचा वेग बदलतो, पीसीचा बदलत नाही, त्यामुळे ती कोरी असल्यासारखीच वाटते. 1.44 एमबीची फ्लॉपी डॉस फॉरमॅटमध्ये घ्यायची. मॅकवर पीसी एक्स्चेंज हे सॉफ्टवेअर घातलं की त्याला ती वाचता येते. फायलींची नावं पहिल्या दिवसापासून आठ अधिक तीन अक्षरांत (नावाची आठ, टिंबानंतरची तीन) ठेवा, डॉसला तेवढीच चालतात. मॅक 31 अक्षरं चालवून घेतो, पण नंतर नाव बदललं की जोडलेली प्रत्येक चित्रफीत हरवते.

खरा गोंधळ मजकुरात झाला. संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने ओळखतो. त्या काळच्या मराठी फाँटमध्ये अर्धी अक्षरं, मात्रा, रफार हे सगळं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेलं असायचं, आणि जागा अपुऱ्या पडल्यामुळे 127 च्या पुढच्या क्रमांकांवरही. तिथे मॅक आणि विंडोजचे क्रमांक जुळत नाहीत. फ्रेंचमधला तिरकी रेघ असलेला ई मॅकवर 142 वर, तर विंडोजवर 233 वर. डायरेक्टर हे जाणतो आणि मूव्ही विंडोजवर उघडली की क्रमांक आपणहून बदलतो. फ्रेंचसाठी ही सोय, मराठीसाठी संकट: 142 वर बसवलेली मात्रा 233 वरच्या भलत्याच जोडाक्षरात बदलते. गंमत म्हणजे 127 च्या आतली अक्षरं शाबूत राहतात, त्यामुळे अर्धा शब्द बरोबर दिसतो आणि माणूस फाँट खराब आहे समजून तोच पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

उपाय डायरेक्टरबरोबर येणाऱ्या फाँटमॅप नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे. तिच्यात मॅकचा फाँट, बाण, विंडोजचा फाँट अशा ओळी असतात. आपल्या मराठी फाँटची ओळ घालायची आणि शेवटी 'मॅप नन' लिहायचं, म्हणजे क्रमांक जसेच्या तसे राहतात. सिम्बॉल फाँटसाठी ही ओळ तयारच असते, तिची नक्कल करा. मात्र फाँटमॅप प्रत्येक मूव्हीत वेगळा साठवला जातो. नुसती टेक्स्ट फाइल बदलून जुनी मूव्ही सुधारत नाही, तो त्या मूव्हीत पुन्हा लोड करावा लागतो.

एवढं करूनही फाँटच्या मॅक आणि विंडोज प्रतींत अक्षरांच्या जागाच वेगळ्या असतील तर इलाज नाही. मग मजकुराचं चित्र करा. ते 1 बिटचं ठेवा: 300 बाय 40 पिक्सेलची ओळ साधारण दीड केबीत बसते, रंगही स्टेजवर (डायरेक्टरच्या पडद्यावर) देता येतो, आणि ग्राहकाच्या मशीनवर फाँट टाकावा लागत नाही. आम्ही अखेर हेच केलं. ऱ्हस्वदीर्घाची चूक निघाली की ओळ पुन्हा बनवायची, म्हणून मूळ मजकूर वेगळा जपून ठेवायचा.

रंगांचं म्हणाल तर पडद्यावर एका वेळी मिळणाऱ्या 256 रंगांच्या यादीतले (पॅलेटमधले) 20 विंडोज स्वतःकडे राखून ठेवतं, पहिले 10 आणि शेवटचे 10. मॅकवर पांढरा पहिल्या जागी आणि काळा शेवटी. विंडोजवर बरोबर उलटं. आपले रंग मधल्या 236 जागांत बसवा, किंवा सगळी चित्रं सरळ डायरेक्टरच्या विंडोज सिस्टिम पॅलेटवर आणा. चित्रं मॅकवर थोडी उजळच ठेवा, पीसीच्या पडद्यावर ती काळवंडतात.

क्विकटाइम (अ‍ॅपलच्या व्हिडिओ प्रकारातली) चित्रफीत सेव्ह करताना ती स्वयंपूर्ण आणि मॅकखेरीज इतर संगणकांवर चालणारी करायचा पर्याय निवडायचाच. नाहीतर तिची माहिती रिसोर्स फोर्कमध्ये अडकते आणि विंडोजवर फाइल उघडतच नाही. सिनेपॅक पद्धतीने दाबलेली, 160 बाय 120, सेकंदाला 12 फ्रेम, एवढं एकपट वेगाच्या सीडी ड्राइव्हला झेपतं. तो सेकंदाला 150 केबीच देतो, म्हणून 90 च्या आत राहा. आवाज 22.05 किलोहर्ट्झ, 8 बिट, मोनो: मिनिटाला सुमारे 1.3 एमबी. विंडोज 3.1 वर चित्रफितीचा आवाज चालू असताना दुसरा वाजवायला जाऊ नका, आधीच मिसळून एकच ट्रॅक करा.

प्रोजेक्टर, म्हणजे मूव्ही चालवणारा प्रोग्रॅम, मात्र प्रत्येक यंत्रावर वेगळा बनवावा लागतो. तो लहानच ठेवा, मुख्य मूव्हीकडे जाणारी एकच ओळ पुरते. म्हणजे हायब्रिड (मॅक आणि विंडोज दोन्हींवर वाचता येणाऱ्या) सीडीवर मूव्ही एकदाच ठेवून दोन्ही प्रोजेक्टरना चालतात. फाइलचा पत्ता लिहिताना मॅकला कोलन (:), विंडोजला उलटी तिरकी रेघ (\). लिंगोत (डायरेक्टरच्या प्रोग्रॅमिंग भाषेत) मशीनटाइप विचारा, उत्तर 256 आलं की विंडोज. चाचणी सीडीवरूनच करा, तीही सीडी ड्राइव्हचं अक्षर डी नसलेल्या पीसीवर. आमच्या तीन चित्रफितींच्या पत्त्यात डी लिहिलेलं होतं, आणि ते ई ड्राइव्ह असलेल्या मशीनवर 'फाइल कुठे आहे' अशी खिडकी आल्यावरच कळलं.