तिसऱ्या शिट्टीनंतरचं कळलं नाही

मागच्या वर्षी जूनमधल्या स्टाफ मीटिंगमध्ये ठरलं की आपल्याकडं पण ब्लेंडेड लर्निंग, म्हणजे थोडं ऑनलाइन, थोडं वर्गात, सुरू करायचं. ठरलं म्हणजे काय, कॉलेजची तपासणी करणाऱ्या नॅकची तारीख जवळ आलेली, त्या नावाची फाईल रिकामी होती, आणि मी खिडकीजवळ बसून बाहेर बघताना सरांना दिसले, झालं, "मॅडम, हे तुम्ही बघा."

मी बी.कॉम.ला स्टॅटिस्टिक्स शिकवते, सोलापुरात. कॉलेजचं नाव सांगत नाही, नोकरी आहे अजून. आपलं सोलापूर विद्यापीठ 2004 चं, एका जिल्ह्यापुरतं, आत्ता कुठं विशी ओलांडलेलं. पण तो एक जिल्हा म्हणजे 11 तालुके, आणि कॉलेजांमध्ये कितीतरी शिकवणारे सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं पगार. कागदावर बघितलं तर ब्लेंडेडची गरज आपल्यालाच सगळ्यात जास्त. युजीसीनं, म्हणजे विद्यापीठांवरच्या दिल्लीच्या आयोगानं, मे 2021 मध्ये मसुदा काढला होता की कुठल्याही कोर्सचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवता येईल, बाकीचा वर्गात. ते 40 टक्के सगळ्यांना पाठ आहेत. त्या 40 मुळं उरलेल्या 60 चं काय करायचं, हे मात्र मीटिंगमध्ये कुणी विचारलं नाही, मी पण नाही, खोटं कशाला बोलू.

ऑनलाइन वर्ग चालवायला सॉफ्टवेअर मूडल घेतलं कारण ते फुकट आहे. ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामसनं बनवलं, 2002 पासून चालू आहे. त्याचं लहानपण तिकडच्या वाळवंटात गेलं आणि शाळा रेडिओवरून झाली, हे वाचल्यापासून मला मूडलचा राग जरा कमी येतो. आमच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या पोरानं ते दोन दिवसांत बसवलं. पासवर्ड म्हणून सगळ्यांची जन्मतारीख ठेवली, आणि स्टाफमधल्या चार सीनियर सरांची जन्मतारीख निघाली 1 जून, शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली, त्यामुळं पहिला आठवडाभर कोण कुणाच्या अकाउंटवर फिरत होतं देवाला ठाऊक.

मग व्हिडिओ. विषय प्रमाण विचलन, मुलांच्या भाषेत एसडी, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप. 12 मिनिटांचा व्हिडिओ, त्याला माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. स्वयंपाकघरात केला कारण घरात उजेड तिथंच बरा येतो. मोबाईल पिठाच्या डब्यावर टेकवला, मागं व्हाइटबोर्ड. वर्गात 48 मिनिटं न थांबता बोलणारी मी, डब्याकडं बघून बोलायचं म्हटल्यावर घसा कोरडा. कसातरी संपवला, मूडलवर टाकला, आणि वर्गाच्या ग्रुपवर मेसेज सोडला की बघून या, उद्या यावर बोलू.

दुसऱ्या दिवशी पहिलं वाक्य, "मॅडम, व्हिडिओ नुस्ता फिरायलाय." आमच्या लॅबमधला सर्व्हर लाईट गेली की बंद पडतो आणि यूपीएस वीस मिनिटं टिकतो. बरं, ते जाऊ दे. मागच्या बेंचवरून एक मुलगी म्हणाली, "मला दिसला मॅडम, पण तिसऱ्या शिट्टीनंतरचं काय कळलं नाही."

माझ्या लक्षातच येईना कसली शिट्टी. घरी येऊन बघितलं तर सातव्या मिनिटाला कुकर. पहिल्या दोन शिट्ट्यांत मी बोलतच राहिलेय, तिसरीला दचकले आणि फरकांचा वर्ग का करायचा, मग वर्गमूळ का काढायचं, ही पायरी गाळून थेट सूत्रावर गेले. वर्गात असं झालं असतं तर कुणाचातरी चेहरा बघून मी मागं आले असते. पिठाच्या डब्याला चेहरा नसतो. वर्षभर फीडबॅकचे इतके कागद गोळा केले, त्यात या एका वाक्याच्या तोडीचं काही सापडलं नाही.

आता मूल्यमापन. सेमिस्टरच्या शेवटी रिपोर्ट द्यायचा होता. गूगल फॉर्म बनवला, आवडलं का, उपयोगी वाटलं का, 1 ते 5. मुलं चांगली आहेत, मॅडमला वाईट नको वाटायला म्हणून सगळ्यांनी 5 दिले, दोघांनी तर मी शेवटचा व्हिडिओ टाकायच्या आधीच फॉर्म भरलेला. डोनाल्ड कर्कपॅट्रिकनं 1959 मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्यात, आवडलं का, शिकलं का, वागण्यात उतरलं का, आणि शेवटी फरक काय पडला. आमचा फॉर्म पहिल्या पायरीवरच फतकल मारून बसलेला.

दुसरं काय होतं हातात, तर मूडलचा लॉग. कोण किती वेळा आलं, किती मिनिटं थांबलं. त्यात तीन मैत्रिणींपैकी एकीची हजेरी भरपूर आणि दोघींची शून्य. दोघींना बोलवून घेतलं, जरा आवाज चढवूनच विचारलं, तुम्ही बघत का नाही. तर म्हणे, "बघतो की मॅडम, तिघी मिळून." तिघी कुंभारीच्या विडी घरकुलातल्या, विडी कामगार बायकांची ती 10,000 घरांची वसाहत, एकीकडं बरा मोबाईल, रात्री नेटचा पॅक संपायच्या आत तिघी एका कॉटवर बसून बघणार, थांबवून थांबवून एकमेकींना तेलुगूत समजावणार. म्हणजे सगळ्या वर्गात खरं शिकणं कुठं चाललं असेल तर त्या कॉटवर, आणि माझ्या एक्सेलमध्ये त्यातल्या दोघी लाल रंगात. आणखी एक पठ्ठ्या निघाला, मोहोळचा, तो कॉलेजच्या वायफायवर व्हिडिओ उतरवून एसटीत बसल्या बसल्या अख्ख्या गावाकडच्या ग्रुपला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. त्या सगळ्यांचा लॉग शून्य.

तेव्हा लॉग सोडला आणि एकच प्रश्न विचारायला लागले. वर्गात आल्या आल्या चिठ्ठीवर लिहा, सगळ्या आकड्यांत 5 मिळवले तर एसडीचं काय होईल? व्हिडिओ दोनदा बघून आलेल्यांनी पण लिहिलं, 5 नं वाढेल. जवळजवळ सगळ्यांनी. सूत्र पाठ, गणितं बरोबर, आणि एसडी म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नाही. मला खरंतर आनंद झाला, कारण उरलेल्या 60 टक्क्यांत काय करायचं ते त्या चिठ्ठ्यांनी सांगितलं.

फळ्यावर चार आकडे लिहिले, 700, 900, 650, 1000. म्हटलं, चार बायका दिवसाला इतक्या विड्या वळतात. उद्या प्रत्येकीनं 100 जास्त वळल्या तर? घरकुलातली एक म्हणाली, "मग काय, सगळ्याच पुढं सरकल्या की, दोघींतलं अंतर हाय तेवढंच." बस, एसडी तेवढाच. मी पुसायला वळले तर तीच परत, "पण मॅडम, हजार विड्यांमागचा दर वाढला तर? जी जास्त वळते तिलाच जास्त मिळणार ना, मजुरीतलं अंतर वाढंल." मिळवल्यावर बदलत नाही, गुणल्यावर बदलतो, हा पुढच्या आठवड्याचा टॉपिक होता. तिनं आईच्या मजुरीवरून काढला. मी खडू ठेवला आणि म्हटलं ये, तूच सांग सगळ्यांना.

रिपोर्टमध्ये हे कुठल्या कॉलमात बसत नाही. तिथं पाहिजे होतं ए डिव्हिजनला ब्लेंडेड, बी ला नेहमीसारखं, आणि मार्कांची तुलना. ए ला मार्क जास्त पडले, टाळ्या पण झाल्या. पण ए च्या मुलांनी घरी व्हिडिओ बघितला, वर्गात चिठ्ठ्या सोडवल्या, त्यांना विषयाला वेळच जास्त मिळाला, बी ला तेवढा वेळ खडू-फळ्यानं दिला असता तर? अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं 2010 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात ब्लेंडेडवाले नुसत्या वर्गवाल्यांपेक्षा पुढं निघाले, पण त्यांनीच लिहिलंय की ब्लेंडेडवाल्यांना बऱ्याचदा वेळ आणि साहित्यही जास्त मिळालेलं होतं. मी हे रिपोर्टात एका ओळीत टाकलं होतं. फायनल प्रिंटमध्ये ती ओळ दिसली नाही.

आणि वर्कलोड! तीन संध्याकाळी गेल्या त्या वर्कलोडमध्ये शून्य. मला निदान महिन्याचा पगार आहे. माझ्या शेजारी बसणारी सीएचबीवाली, तिला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, व्हिडिओचे कोण देणार? तिनं सरळ सांगितलं, ताई, मी नाही करणार. मी तिला काय बोलणार होते.

एक गोष्ट मात्र जमली. मीटिंगमध्ये कुणीतरी परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं नाव घेतलं होतं, आपल्याच माढा तालुक्यातले, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले. नाव सगळेच घेतात, भाषणात बरं दिसतं. पण मोबाईलनं स्कॅन केले की धडा उघडणारे त्यांचे क्यूआर कोड पाठ्यपुस्तकातच होते, म्हणजे मुलाच्या हातात आधीच असलेल्या वस्तूवर. मी मुलांना पासवर्ड घेऊन मूडलकडं बोलवत होते. मग प्रश्नांच्या झेरॉक्सवरच व्हिडिओचा कोड छापला, व्हिडिओ यूट्यूबवर, लॉगिन नाही काही नाही. कोण बघतंय ते आता मला कळत नाही. चिठ्ठ्यांवरून कळतं तेवढं बास.

या सेमिस्टरला एसडीचा व्हिडिओ परत केला. रात्री साडेअकराला, कुकर धुऊन पालथा घातलेला, घरात सगळे झोपलेले. यावेळी सातवं मिनिट एकदम नीट आलं. नवव्या मिनिटाला खालून शेजारच्या काकूंची हाक, "मॅडम, पाणी आलंऽऽ!" चार दिवसांआड येतं, सोडून कसं चालेल, मी व्हिडिओतच "हो आले" म्हणून गेलेय आणि मागं बोर्ड तसाच दिसतोय. पुन्हा करायचा जीव नव्हता, तसाच टाकला. सकाळी ग्रुपवर पहिला मेसेज, "मॅडम, आमच्याकडं नाय आलं अजून."