झे. किरमाणी, गो. कपिल

वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर माझी उमेदवारी चालू होती तेव्हाची गोष्ट. वानखेडेवर कसोटी असली की आमचे क्रीडासंपादक प्रेस बॉक्समध्ये जागा धरायचे आणि मी त्यांच्या शेजारी स्कोअरबुक मांडून बसायचो. लिहायचं त्यांनी, आकडे ठेवायचे मी. त्यांचा दंडक एकच: पेन्सिल चालणार नाही. "पेन्सिलीने लिहिणारा माणूस बघत नाही, नंतर बघू म्हणतो," असं त्यांचं मत. त्यामुळे शाईचं पेन, टिपकागद आणि खिशात दाढीचं अर्धं ब्लेड, एवढा सरंजाम घेऊन मी जायचो.

१९८० च्या फेब्रुवारीत भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडशी एकच कसोटी ठरली होती. माइक ब्रिअर्लीचा संघ ऑस्ट्रेलियातली मालिका आटोपून मुंबईत उतरला. आपला कप्तान या खेपेला गावसकर नव्हता, गुंडाप्पा विश्वनाथ, म्हणजे सगळ्यांचा 'विशी', होता. मालिका नाही, चषकाची चुरस नाही, उत्सवाचा सामना. त्यामुळे पुष्कळांनी तो आधीच मनातून 'प्रदर्शनीय' करून टाकला होता. पण खेळपट्टीला उत्सवाचं काही सोयरसुतक नव्हतं. मुंबईत नेहमी दिसते त्यापेक्षा ती बरीच हिरवी होती. शुक्रवारी इयान बोथमने तिच्यावर सहा बळी घेतले आणि आपला डाव २४२ वर संपला. त्यातले सात झेल एकट्या बॉब टेलरने यष्टींमागे घेतले. एका डावात सात झेल म्हणजे तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी. मी त्याचं नाव त्या दिवशी इतक्यांदा लिहिलं की शेवटी शेवटी नुसतं 'टे.' लिहून भागवायला लागलो.

शनिवारी, १६ तारखेला, सूर्यग्रहण. विश्रांतीचा दिवस मुद्दाम त्याच दिवशी ठेवलेला. खग्रास पट्टा दक्षिणेकडून जाणार होता, मुंबईला खंडग्रासच. तरी दुपारी रस्ते ओस पडले होते. खेळ असता तरी प्रेक्षक कुठून आले असते हा प्रश्नच होता.

रविवारी आपल्या गोलंदाजांनी व्याजासकट परतफेड केली. कपिल देव आणि करसन घावरी यांच्यापुढे इंग्लंडचा निम्मा संघ ५८ धावांत गारद. प्रेस बॉक्समध्ये पैजा लागल्या, आघाडी किती मिळणार याच्या. बोथम खेळत होता आणि त्याच्या जोडीला आला टेलर. कीपर म्हणून अव्वल, फलंदाज म्हणून कामचलाऊ. पण त्या दिवशी तो गोंदासारखा चिकटला. एका टोकाने बोथम ठोकत होता, दुसऱ्या टोकाने टेलर बॅट-पॅड जवळ ठेवून चेंडू नुसते थोपवत होता. जोडी जमली, पैजा थंडावल्या.

आणि मग कपिलचा एक चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पडला. टेलरची बॅट पुढे आली, चेंडू आपल्या यष्टिरक्षक किरमाणीच्या हातमोज्यांत गेला, अपील झालं आणि पंचांचं बोट वर गेलं. सगळं स्टेडियम उभं राहिलं. मी मान खाली घातली आणि कामाला लागलो.

स्कोअरबुक ज्यांनी कधी ठेवलं नसेल त्यांना सांगायला हवं की एक विकेट तीन ठिकाणी लिहावी लागते. फलंदाजाच्या ओळीत तो कसा बाद झाला ते, गोलंदाजाच्या पृथक्करणात त्या षटकाच्या चौकोनात ती खूण, आणि खाली गडी बाद होण्याच्या क्रमात धावसंख्या. तिन्ही ठिकाणचा मेळ बसला पाहिजे. मी पहिल्या ठिकाणी लिहिलं, 'झे. किरमाणी, गो. कपिल', म्हणजे झेल किरमाणीचा, गोलंदाज कपिल. दुसऱ्या ठिकाणी खूण केली. तिसऱ्या ठिकाणी सहाव्या गड्याच्या रकान्यात आकडा टाकला, टिपकागद दाबला आणि नव्या फलंदाजाचं नाव लिहायला पॅव्हेलियनकडे पाहिलं. तिथून कोणी येतच नव्हतं.

टेलर अजून क्रीजजवळच होता. अडून बसलाय असं नव्हतं. बुचकळ्यात पडल्यासारखा पंचांकडे बघत उभा होता. आणि यष्टिरक्षकाच्या शेजारच्या पहिल्या स्लिपमधून उंचीने बेताचा एक माणूस पंचांकडे चालत निघाला होता. विशी.

"साहेब, हे काय चाललंय?" मी क्रीडासंपादकांना विचारलं.

"गप बस आणि बघ," ते म्हणाले. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली होती.

विशी आणि पंच बोलत होते. आमच्यापर्यंत शब्द पोचायचा प्रश्नच नव्हता. पण प्रेस बॉक्समध्ये ज्याला काहीच ऐकू येत नाही तोच सगळ्यांत जास्त सांगतो. मागच्या रांगेतून कोणी म्हणालं, टेलरने पंचांना उलट उत्तर दिलं, कप्तान तक्रार करतोय. दुसरा म्हणाला, झेल जमिनीला टेकला होता. तिसऱ्याच्या मते बोथमने काहीतरी घोळ घातला होता. एवढ्यात टेलर पुन्हा गार्ड घेऊन खेळायला उभा राहिला. सहाव्या गड्याची विकेट माझ्या वहीत होती, मैदानावर नव्हती.

"साहेब, काय लिहू?"

"लिहू काय? खोड."

मी ब्लेड काढलं. शाई खरवडायची म्हणजे कागद फाटू न देता वरचा पापुद्रा उडवायचा, मग नखाने घासून गुळगुळीत करायचं, नाहीतर पुढची शाई फुटते. तीन ठिकाणी खरवडलं. किरमाणीचं नाव लवकर गेलं, कपिलच्या 'क'चं पोट काही केल्या जाईना. इकडे चेंडू पडत होते, ते शेजारच्या कागदावर टिपून ठेवायला साहेबांनी स्वतः पेन हातात घेतलं. एरवी त्यांनी आकड्यांना हात लावलेला मला आठवत नाही.

खेळ संपल्यावर खुलासा झाला. टेलरच्या बॅटची कड लागलेलीच नाही, हे पहिल्या स्लिपमधल्या विशीला स्वच्छ दिसलं होतं. त्याने पंचांना तसं सांगितलं, अपील मागे घेतलं आणि टेलरला खेळायला लावलं. नियमात याला जागा आहे. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा कप्तान पंचांच्या संमतीने अपील मागे घेऊ शकतो. जागा आहे, पण तिथे सहसा कोणी बसत नाही.

प्रेस बॉक्समध्ये मात्र खुलाशाची वाट कोण पाहतो? वाद लगेच पेटला. मुंबईच्या क्रिकेटचा पिंड खडूस. आझाद मैदानावर नाहीतर पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या चिखलात वाढलेल्या माणसाला लहानपणापासून एवढंच शिकवलेलं असतं: विकेट फेकायची नाही, आणि मिळाली तर परत करायची नाही. पंचांचं काम पंचांनी करावं, आपलं आपण. आज त्यांनी आपल्या बाजूने चूक केली, उद्या विरुद्ध करतील, फिट्टंफाट. एक ज्येष्ठ पत्रकार तर संतापून म्हणाले, "मुंबईचा कप्तान असता ना, तर पाठ फिरवून स्लिपमध्ये जाऊन उभा राहिला असता." यावर दुसरे म्हणाले, "म्हणूनच नाही केला." हशा झाला, पण दोन्ही बाजूंचा राग खरा होता.

मला स्वतःला त्या वेळी दुसराच प्रश्न पडला होता. विकेट कपिलची होती. नुकता एकविशीतला पोरगा, हिरवी खेळपट्टी, हातात आलेला गडी, आणि तो काढून घेतला कोणी, तर आपल्याच कप्तानाने. त्याच्या पृथक्करणातली खूण खरवडताना मी दोनदा मैदानाकडे पाहिलं. कपिल आपल्या रन-अपच्या टोकाशी उभा होता, हातात चेंडू घोळवत. पंचांनी खेळ सुरू करायची खूण केल्यावर तो धावत आला आणि पुढचा चेंडू टाकला. बस्स. त्यावरून कोणाला काय अर्थ काढायचा तो काढावा.

त्यानंतर काय झालं ते रेकॉर्डमध्ये आहे. बोथम आणि टेलरने सहाव्या विकेटसाठी १७१ धावा जोडल्या. बोथमने ११४ केल्या, टेलरने ४३. इंग्लंडने २९६ पर्यंत मजल मारली. आपल्या दुसऱ्या डावात बोथमने आणखी सात बळी घेतले आणि आपण १४९ मध्ये आटोपलो. मंगळवारी बॉयकॉट आणि गूचने बिनबाद ९८ करून सामना संपवला, तोही एक दिवस राखून. पुरुषांच्या कसोटीत एकाच सामन्यात शतक आणि दहाहून अधिक बळी ही कामगिरी बोथमच्या आधी कोणी केली नव्हती. टेलरचे सामन्यातले झेल दहा झाले, तोही तेव्हाचा विश्वविक्रम.

मग विशीने सामना घालवला का? हिशेब मांडायला बसलं तर उत्तर टाळता येत नाही. ती जोडी तिथे फुटली असती तर इंग्लंड आपल्या २४२ च्या बरंच अलीकडे थांबलं असतं आणि शेवटच्या डावात हिरव्या खेळपट्टीवर त्यांना मोठं लक्ष्य गाठावं लागलं असतं. ज्यांना विशी आवडतो, आणि मला तो फार आवडतो, ते म्हणतात की बोथम तसाही भारी पडलाच असता. असेलही. पण त्या निर्णयाची किंमत शून्य होती असं म्हणणं म्हणजे विशीचं मोल कमी करणं. किंमत होती आणि ती त्याला त्या क्षणीच ठाऊक असणार. कारकिर्दीत एकूण ९१ कसोटी खेळलेला माणूस, त्याला धावफलक वाचता येत नव्हता थोडाच?

विशीच्या त्या निर्णयाला लोक मनाचा मोठेपणा म्हणतात. मला तो शब्द तिथे बसत नाही असं वाटतं. २०११ साली ट्रेंट ब्रिजवर धोनीने इयान बेलला चहापानानंतर परत बोलावलं, तो मोठेपणा. बेल नियमाने धावबाद होता; चेंडू मृत झाला, म्हणजे खेळ थांबला, असं समजून तो निघाला होता आणि फसला. धोनीने हक्काची विकेट सोडली. टेलर मुळात बाद नव्हताच. विशीकडे सोडण्यासारखं काही नव्हतं, त्याने फक्त जे पाहिलं ते सांगितलं, आपल्या संघाच्या विरुद्ध जाणारी साक्ष दिली. मला विचाराल तर हे जास्त अवघड आहे. उदार होताना माणसाला बरं वाटतं. साक्षीदाराला तेवढंही मिळत नाही.

उलट बाजूही सांगतो. २०२३ च्या विश्वचषकात दिल्लीला श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज 'टाइम्ड आउट' झाला, म्हणजे ठरल्या वेळेत खेळायला तयार न झाल्याने बाद, बांगलादेशचा कप्तान शाकिबने अपील मागे घेतलं नाही, आणि सामना संपल्यावर श्रीलंकेच्या खेळाडूंनी हस्तांदोलन केलं नाही. त्या रात्री शाकिबला खलनायक ठरवणारे मला पटले नाहीत. तो नियमाने वागला. अपील मागे घेणं हे कोणावर बंधनकारक असतं तर विशीच्या गोष्टीत सांगण्यासारखं काय उरलं असतं?

आणि आता तर डीआरएस आहे, पंचांच्या निर्णयाची यंत्राने फेरतपासणी मागायची सोय. आज टेलर पंचांकडे बघत उभा राहिला नसता, त्याने सरळ हातांनी 'टी' केला असता, पडद्यावर, बॅटला चेंडू लागला नसल्याची, सपाट रेघ दिसली असती आणि विशी स्लिपमध्येच उभा राहिला असता. यंत्र आलं ते चांगलंच झालं, पंचांची चूक निस्तरायची जबाबदारी प्रतिस्पर्ध्यावर असू नये. फक्त कप्तानाच्या सचोटीचा कस लागायचा एक प्रसंग त्यामुळे कमी झाला, एवढंच.

त्या कसोटीनंतर विशी पुन्हा कप्तान झाला नाही. काही जण याचा संबंध त्या रविवारशी लावतात, तो ओढूनताणून लावलेला आहे. पुढच्या मालिकेला गावसकर परत कप्तान झाला, सरळ गोष्ट. विशी पुढे आंतरराष्ट्रीय सामनाधिकारी झाला, हे मात्र मला अगदी योग्य वाटतं. आणि त्याच १९८० च्या उन्हाळ्यात गावसकर इंग्लंडात सॉमरसेटकडून काउंटी खेळायला गेला, म्हणजे बोथमच्या शेजारी, एकाच ड्रेसिंग रूममध्ये. ज्याने वानखेडेवर आपली दाणादाण उडवली तो आता सहकारी. तेव्हा आमच्याकडे याचं कोणाला नवल वाटलं नाही.

कसोटी संपल्यावर दोन-तीन दिवसांत कचेरीत वाचकांची पत्रं येऊ लागली. त्यातलं एक दादरच्या कोणा गृहस्थाचं, दोन पानी, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. सारांश असा की देशाचा कप्तान देशासाठी असतो, दानधर्म करायचा तर घरच्या पैशाने करावा. साहेबांनी ते मला दिलं आणि म्हणाले, "छापायचंय." मी जोश चढून खाली उत्तर लिहिलं, चांगलं खरमरीत, अपील, नियम, सचोटी, सगळं त्यात होतं. त्यांनी वाचलं आणि घडी घालून खणात टाकलं.

"साहेब, का हो? चुकलंय का काही?"

"काही चुकलं नाही. पण अरे, हरलोय आपण. त्याला दोन दिवस चिडू दे की."

पत्र रविवारच्या अंकात जसंच्या तसं गेलं. माझ्या उत्तरासाठी ठेवलेल्या जागेत बोथमचा दोन कॉलमी फोटो लागला.