आकडा डावीकडे चिकटला की

मी नववी-दहावीला कॉम्प्युटर शिकवते, त्यातही ऑफिसच्या कामाचा भाग जास्त, म्हणजे स्प्रेडशीट, पत्रं, ईमेल, थोडाफार हिशोब. बरीच वर्षं मी हे सगळं बटणं दाखवूनच शिकवलं. इथे क्लिक करा, हा मेनू उघडा, आता बेरजेचं ऑटोसम बटण दाबा, झालं. मुलं पटापट करायची, प्रॅक्टिकलला मार्कही छान पडायचे, पण नवीन व्हर्जन आलं आणि मेनू इकडचा तिकडे गेला की तीच मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मला ते फार लागायचं, कारण त्यात मुलांची काहीच चूक नव्हती.

यंदा शाळेतल्या वह्या-पेनांच्या स्टॉलचा स्टॉक मुलांकडे दिला. किती आणलं, किती विकलं, किती उरलं, एवढंच. एका मुलीची बेरीज कागदावरच्या बेरजेपेक्षा बरोब्बर १२ ने कमी येत होती. "मॅडम, कॉम्प्युटरचीच चूक असेल का हो?" मी उत्तर दिलं नाही, खुर्ची ओढून शेजारी बसले. फॉर्म्युला बरोबर होता, रेंज पण, म्हणजे कुठून कुठपर्यंतचे आकडे धरायचे तेही, बरोबर. मग ती स्क्रीनवर बोट ठेवून एकेक आकडा वाचायला लागली आणि मधेच थांबली. "हा एकच डावीकडे का चिकटलाय?"

बाकी सगळे आकडे सेलच्या, म्हणजे शीटमधल्या चौकोनाच्या, उजव्या कडेला आणि हा एकटा डावीकडे, कारण तिथे तिने '१२ नग' असं टाईप केलं होतं. नग लिहिलं की प्रोग्रॅमच्या दृष्टीने तो आकडाच राहत नाही, मजकूर होतो, आणि बेरजेचं 'सम' फंक्शन मजकुराला गुपचूप वगळून पुढे जातं, ना एरर ना काही. तिने 'नग' खोडलं, एंटर दाबलं, आणि आकडा टुणकन उजवीकडे गेला. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

त्या दिवशी वर्गाला मी थॉमस हर्नडनची गोष्ट सांगितली. रेनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यावर एक पेपर लिहिला होता, जगभर त्याची चर्चा झाली. हर्नडन तेव्हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकत होता, क्लासच्या असाइनमेंटसाठी तो तेच आकडे परत काढायला बसला तर ते जुळेचनात, मग त्याने त्यांच्याकडून मूळ शीट मागवून घेतली. सरासरीचा फॉर्म्युला ५ ओळी आधीच संपत होता, ५ देश बाहेरच राहिले होते. २०१३ मध्ये हे बाहेर आलं. पेपरवर आक्षेप आणखीही होते, पण ही शीटमधली चूक खुद्द लेखकांनी मान्य केली. आणि इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडच्या जवळपास १६,००० केसेस वेळेत मोजल्याच गेल्या नाहीत, कारण एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाईलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. हे ऐकल्यावर वर्ग एकदम शांत झाला.

म्हणून आता मी शीट तयार करायला कमी देते आणि बिघडलेली शीट दुरुस्त करायला जास्त देते. एकीत रेंज एक ओळ कमी, एकीत फॉर्म्युला खाली ओढताना सेल जागचा हलू न देणारं डॉलरचं चिन्ह विसरलेलं त्यामुळे टक्केवारी भलत्याच सेलने भागलेली, एकीत तारखेतला दिवस-महिना उलटा. उत्तर किती आलं ते मी विचारत नाही, कुठे शंका आली आणि का आली ते वहीत लिहायला लावते. वेळ खूप जातो, पोर्शन मागे पडतो, आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तर या शोधाशोधीला एकही मार्क नाही, तिथे फक्त शेवटचा आकडा बघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. तरी मी हेच चालू ठेवणार आहे. कालच त्या मुलीने मी फळ्यावर लिहिलेल्या हजेरीच्या बेरजेला हात वर केला, "मॅडम, यात शुक्रवार धरलाय का?" नव्हता धरला.