वाफेवर चढलेला घाट

नाशिक, रविवार, रात्री साडेदहा

आज दुपारी निलगिरीहून परत आलो. बॅगा अजून तशाच दारात पडल्या आहेत आणि उद्या माझी सकाळची शाळा आहे, तरी मंगळवारचा दिवस आजच लिहून ठेवायचा आहे, कारण आठ दिवसांच्या सहलीतला तो दिवस सर्वस्वी माझ्या वडिलांचा, अण्णांचा होता.

अण्णा मनमाडला रेल्वेत फायरमन होते, म्हणजे इंजिनाची भट्टी सांभाळायचे. साठच्या दशकात त्यांनी वाफेच्या इंजिनावर इगतपुरी आणि भुसावळच्या फेऱ्या केल्या, पुढे दौंडच्या लाइनवरही गेले. रात्री-अपरात्री ड्युटीवर बोलवायला कॉलबॉय येऊन दार वाजवायचा आणि आई उठून डबा भरायची, हे मला अगदी लहानपणापासून आठवते. घाट मात्र अण्णांच्या वाट्याला कधीच आला नाही. कल्याण-इगतपुरी हा टप्पा 1930च्या सुमारासच विजेवर गेला होता, त्यामुळे मुंबईकडे जाणारी गाडी इगतपुरीला विजेच्या इंजिनाच्या हवाली करायची आणि आपण तिथूनच मागे फिरायचे, एवढेच त्यांचे काम. “कसाऱ्याचा घाट मी पाहिला तो डब्याच्या खिडकीतून,” असे ते आजही म्हणतात, आणि त्यात मला नेहमी एक अपुरेपण जाणवत आले आहे. म्हणून यंदा नाताळच्या सुटीत, निफाडकडे पारा उतरत असताना, आम्ही त्याहून थंड डोंगरात जायचे ठरवले. अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत; आणखी पुढे ढकलणे मला बरोबर वाटेना.

निलगिरीच्या पायथ्याच्या मेट्टुपालयमहून सकाळी सात-दहाला उटीकडे जाणारी डोंगरातली छोटी गाडी सुटते. अण्णा सहा वाजताच फलाटावर उभे होते. आमची रश्मी आधी गोंधळली, कारण इंजिन गाडीच्या मागे लागलेले होते. आजोबांनी तिला समजावले की चढावर मागून ढकलणारे इंजिन ही आपल्याकडेही रोजचीच गोष्ट आहे, कसाऱ्याला बँकर लागतो तो यासाठीही, कारण चढावर एखादी कडी तुटली तरी डबे मागच्या इंजिनावर टेकून राहतात. इथे तर पुढे इंजिनच नाही. प्रत्येक डब्याच्या पुढच्या उघड्या सज्ज्यात एक ब्रेकमन उभा असतो, पुढचा माणूस झेंडा दाखवतो, तो मागे एकाकडून दुसऱ्याकडे पोचत जातो आणि शेवटी ड्रायव्हरला दिसतो. ड्रायव्हरला समोरचा रूळ दिसत नसताना गाडी डोंगर चढते, ती या माणसांच्या डोळ्यांवर.

कल्लार येईपर्यंत गाडी साधीच धावते. तिथून कुन्नूरपर्यंतच्या सुमारे 20 किलोमीटरमध्ये मात्र दोन रुळांच्या मधोमध दाते असलेल्या दोन पोलादी पट्ट्या बसवलेल्या आहेत. एका पट्टीचा दाता जिथे असतो तिथे शेजारच्या पट्टीची खाच येते, त्यामुळे इंजिनाच्या खालच्या दातेरी चाकाचा एक तरी दाता सतत पकडीत राहतो. कल्लारला गाडी त्या दात्यांवर चढली तेव्हा पायाखाली एक बारीक थरथर सुरू झाली आणि ती पुढे दोन तास थांबली नाही. आपला कसाऱ्याचा घाट सदतीस फुटांमागे एक फूट चढतो आणि त्यालाच आपण अवघड म्हणतो. इथे बारा फुटांमागे एक फूट आहे. अण्णांनी हा हिशेब ऐकला, पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि उजवा तळहात डब्याच्या लाकडी चौकटीवर टेकवला होता. थोड्या वेळाने म्हणाले, “चार सिलिंडर आहेत याला. खालचे दोन चाकं फिरवतात, आणि त्यांची वापरलेली वाफ वरच्या दोघांत जाऊन दातेरी चाक फिरवते. एकच वाफ दोनदा राबते.” इतक्या कौतुकाने ते नातवंडांच्या गुणपत्रिकेबद्दलही बोललेले मला आठवत नाहीत.

बोगदे, पूल, चहाचे मळे, दरीतले ढग हे सगळे होतेच, आणि रश्मीच्या मोबाइलमध्ये ते भरपूर आहे. मला लिहायचे आहे ते हिलग्रोव्हबद्दल. तिथे इंजिन पाणी घ्यायला थांबले. माकडे लोकांच्या हातातले वडे पळवत होती, सगळे फोटोंत गुंतलेले होते, आणि अण्णा काठी टेकत सरळ मागे इंजिनाकडे चालू लागले. मी त्यांच्या मागे गेले. इंजिन तेलावर चालणारे होते, कोळसा नव्हता, हे कळल्यावर क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी मान वर करून धुराकडे पाहिले. धूर पातळ करडा होता. “चांगला जाळतोय,” ते म्हणाले. काळा धूर म्हणजे फायरमनचे लक्ष नाही, हे मी त्यांच्या तोंडून लहानपणी शंभरदा ऐकले आहे.

फायरमन पंचविशीतला मुलगा होता. त्याला हिंदी जेमतेम येत होते आणि अण्णांना तमिळचा एक शब्द येत नाही. अण्णांनी बाह्या सरकवून कोपराखालचा भाजल्याचा जुना डाग त्याला दाखवला आणि “मनमाड, फायरमन” एवढेच सांगितले. त्यानंतर दोघे जे बोलले त्यात इंजेक्टर, गेज ग्लास, प्रेशर, सेफ्टी व्हॉल्व्ह याखेरीज फारसे शब्द नव्हते, आणि तेवढे त्यांना पुरले. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीकडे बोट करून अण्णांनी हात तिरका धरला. चढावर बॉयलरच तिरका होतो, मग खरे पाणी किती हे कसे ओळखतोस, असे त्यांना विचारायचे होते. मुलगा हसला आणि त्यानेही हात तिरका धरून नळीवरची एक जागा बोटाने दाखवली. अण्णांनी मान हलवली. शिटी झाली तेव्हा त्या मुलाने हात पुसायच्या सुताचा एक स्वच्छ गोळा त्यांच्या हातावर ठेवला, कारण कठड्याला धरून अण्णांचे तळवे काळे झाले होते. अण्णांनी हात पुसले नाहीत. सूत खिशात घातले आणि काळ्या हातांनीच डब्यात येऊन बसले.

कुन्नूरला वाफेचे इंजिन सुटते आणि उटीपर्यंत डिझेल लागते. आमची तिकिटे उटीची होती. अण्णा म्हणाले, “तुम्ही या जाऊन. माझा घाट झाला.” मी त्यांना एकटे सोडणार नव्हतेच, म्हणून रश्मी आणि तिचे बाबा पुढे गेले आणि आम्ही दोघे फलाटावरच्या बाकावर बसलो. इंजिन शेडकडे जाऊन दिसेनासे होईपर्यंत अण्णा उठले नाहीत.

आज कल्याणहून येताना गाडी कसाऱ्याला थांबली. मला झोप लागली होती. मागून एक हलका धक्का बसला आणि त्याच वेळी अण्णांनी माझ्या खांद्याला हात लावून मला जागे केले.

“बँकर लागला,” ते म्हणाले, आणि त्यांनी तळहात खिडकीच्या चौकटीवर टेकवला.