तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सोमवारी काय झालं

डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या जपून ठेवलेल्या शवाच्या दर्शनाला जाऊन आले, दहा वर्षांनी एकदा असतं ते, आणि से कॅथेड्रलमधल्या त्या काचेच्या पेटीचा फोटो स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या ऑफिसात डबा खाताना एकीने विचारलंच, तुम्ही लोक हाडांच्या पाया पडता का गं? आणि मग आवाज जरा खाली आणून, म्हणजे तेव्हाही तुला चर्चनेच ते मूल ठेवायला लावलं असेल ना?

हा प्रश्न मला २०१२ पासून विचारला जातोय. ऑफिसमध्ये, सोसायटीत, नवऱ्याच्या मित्रांकडे. आणि चर्चमध्ये दुसऱ्या बाजूने विचारतात, एवढी श्रद्धा तुझ्यात आली कुठून, आमच्या सुनेला जरा सांग ना. दोघांनाही मी आजपर्यंत हसून वाटेला लावलंय. आता लिहून टाकते, म्हणजे परत परत नको.

आधी हाडांचं. आम्ही हाडांची पूजा करत नाही. मान देतो, आणि हा फरक मी सुटण्यासाठी करत नाहीये, चर्चची शिकवणच तशी आहे, पूजा फक्त देवाची. पण मान का, तर माणसाचं शरीर म्हणजे आत्म्याची पिशवी नाही की रिकामी झाली आणि फेकून दिली. ज्या हातांनी बाप्तिस्मे दिले ते हातही त्याच माणसाचे, आणि शरीरही पुन्हा उठणार आहे असं आम्ही दर रविवारी मोठ्याने म्हणतो. आपल्या ठाण्याचंच घ्या, १३२१ मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संघातले साधू, मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती. त्यांचं दफन सोपाऱ्याला झालं आणि काही वर्षांनी ओडोरिक नावाचा त्यांच्याच संघाचा माणूस ती हाडं गाठोड्यात घेऊन समुद्रमार्गे थेट चीनला गेला. सातशे वर्षांपूर्वी, त्या काळच्या जहाजात! लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला त्या माणसाचं वेड वाटलं होतं. आता वाटत नाही.

आता ते दुसरं.

मला पाचवा महिना होता. अॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघतात तो, सोमवारी झाला, त्या दिवशी एकोणीस आठवडे दोन दिवस. स्कॅन करणारी मुलगी आधी बोलत होती, मग गप्प झाली, मग मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. दोन्ही किडन्या नाहीत. सोळाव्या आठवड्यानंतर पोटातलं पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते, त्यामुळे पाणी जवळजवळ नाही, आणि पाणी नाही म्हणून फुप्फुसं वाढणार नाहीत. जन्माला आलं तरी काही तास. डॉक्टर चांगले होते, खुर्ची ओढून समोर बसून सांगितलं.

मम्मीने वसईहून सेंट जेरार्ड माजेलाचं कार्ड पाठवलं. गरोदर बायकांचा संत तो. कार्डावर प्लास्टिकखाली नखाएवढा कापडाचा तुकडा असतो, त्याच्या अवशेषांना लावलेला. मी ते पोटावर ठेवून झोपले, दोन रात्री. बुधवारी दुसरीकडे परत स्कॅन केला, तेच आलं. नवरा म्हणाला तू ठरव, मी तुझ्यासोबत आहे, आणि मला त्याचा भयंकर राग आला कारण मला कोणीतरी ठरवून द्यायला हवं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त रोझरीला माझं नाव घेऊन थांबायच्या आणि पुढचं वाक्य राहून जायचं. आणि हो, फादरना आम्ही विचारलंच नाही. उत्तर माहीत होतं म्हणून विचारलं नाही. तेव्हा चर्चने लावलं का, याचं उत्तर, नाही लावलं. चर्चला विचारायची संधीच आम्ही दिली नाही.

गुरुवारी रात्री मी ठरवलं की गर्भपात करायचा. लिहितानाही हात जड होतोय पण ठरवलं होतं. मला देव आठवत नव्हता असं नाही, आठवत होता. मी त्याला सांगितलं की मला हे जमणार नाही, पुढचे इतके आठवडे लोक पोटाकडे बघून कितवा महिना विचारणार आणि मी काय सांगू.

तेव्हा गर्भपाताचा १९७१ चा कायदा होता, वीस आठवड्यांची मर्यादा, आणि बारानंतर दोन डॉक्टरांचं मत लागायचं. शुक्रवारी एक सही झाली. दुसरे डॉक्टर बाहेरगावी, सोमवारी या म्हणाले. शुक्रवारी होते एकोणीस आठवडे सहा दिवस. हे गणित तेव्हा तिथे कोणी केलं नाही, आम्हीही नाही.

सोमवारी साडेदहाला गेलो. पर्समध्ये एकाच कप्प्यात भरलेला फॉर्म आणि जेरार्डचं कार्ड, फॉर्मची घडी कार्डावर बसली होती म्हणून त्यावर चौकोनी वळ उठला होता, तो मी अंगठ्याने सपाट करत बसले होते. डॉक्टरांनी फाइल पाहिली, बोटांवर मोजलं, परत मोजलं. वीस आणि दोन दिवस, मॅडम. आता माझ्या हातात नाही, हायकोर्टात जावं लागेल. आणि कोर्टाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, बाळाच्या हृदयात दोष म्हणून वीस आठवड्यांनंतर गर्भपाताची परवानगी मागणाऱ्या निकेता मेहतांना २००८ मध्ये मुंबई हायकोर्टाने नाही म्हटलं होतं, तेव्हा पेपरांत रोज तेच होतं. नवरा म्हणाला वकील बघूया. मी म्हटलं घरी चल.

एवढंच. श्रद्धा नाही, चर्च नाही. दोन दिवस.

त्यानंतरचे पंधरा आठवडे मी काढले. शेअर रिक्षात एका बाईने सरकून जागा दिली आणि विचारलं, पहिलंच का? हो म्हटलं. पोट फार दिसायचं नाही, पाणी नव्हतं ना. पण लाथा मारायची ती. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं.

पस्तिसाव्या आठवड्यात झाली, पायाळू, पन्नास मिनिटं जगली. लेबर रूममध्ये एक मल्याळी सिस्टर होती, तिनेच विचारलं, बाप्तिस्मा द्यायचा का, फादर येईपर्यंत वेळ नाही. अशा वेळी कोणीही देऊ शकतं, पाणी आणि ते शब्द आणि मनात तसा हेतू, बस. तिने सुई नसलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरलं, पाच एमएलची, आणि कपाळावर तीनदा सोडलं, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या. पाणी कानाकडे ओघळलं ते तिने बोटाने टिपलं, जणू बाळाला थंडी वाजेल. नाव ठेवलं. ते इथे लिहीत नाही.

त्या पन्नास मिनिटांबद्दल मला विचाराल तर ती व्हायला नको होती असं मी कधीच म्हणणार नाही. आणि त्या सोमवारी मी चूक होते असंही मला म्हणता येत नाही. दोन्ही एकत्र कसं, ते मला माहीत नाही.

आमच्याकडे सिमेट्रीत जागा कमी, दोनेक वर्षांनी कबर उघडून हाडं घरच्यांच्या निशमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, ठेवतात. तिची उघडली तेव्हा तिथला माणूस येऊन म्हणाला, बाय, काही मिळालं नाही, लहान बाळांचं राहत नाही, माती झाली. मी चिमूटभर माती मागितली. त्याने काही न विचारता कागदात बांधून दिली. म्हणून म्हणते, ओडोरिक मला वेडा वाटत नाही.

आता जे मला खरंच खुपतं ते. पुढे एका चर्चमध्ये जीवनाच्या बाजूने बोलायला मला बोलावलं, मिस्सानंतर सात मिनिटं. मी सिरिंज सांगितली, पन्नास मिनिटं सांगितली, जेरार्डचं कार्ड वर धरून दाखवलं. शुक्रवार आणि सोमवार सांगितला नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, सासूबाई रडत होत्या. खाली उतरले तर एक मुलगी थांबली होती, पंचविशीची असेल, ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. म्हणाली, आंटी, तुम्हाला एकदाही वाटलं नाही का, की नको? मी म्हटलं, नाही. देव ताकद देतो. तिने मान हलवली आणि गेली.

ती काय घेऊन आली होती ते मी विचारलं नाही. मला स्टेजवरची मी आवडली होती, त्या मुलीपेक्षा जास्त.

याचं मी पापनिवेदन केलं, दोन्हीचं, त्या सोमवारचं आणि त्या नाहीचं. फादरनी सगळं ऐकून घेतलं. गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याची मुभा २०१६ पासून पोप फ्रान्सिस यांनी सगळ्याच फादरना कायमची दिली आहे, पण माझ्या बाबतीत झालं तर काहीच नव्हतं, फक्त मनात होतं, आणि मनातलंही मोजलं जातं असं शुभवर्तमानात येशूच सांगतो. खोटं बोलल्याचा पश्चात्ताप आहे का? आहे, पूर्ण. सोमवारचा? मी गप्प बसले. ते म्हणाले, बस थोडा वेळ इथेच. बसले.

ऑफिसवाल्यांनो, ते शरीर होतं, माणूस होती, यावरून मी हलणार नाही. आणि चर्चवाल्यांनो, माझंही शरीर होतं, तुमच्या टाळ्यांमध्ये ते कुठे होतं? २०१८ मध्ये पोपनी फाशीही अमान्य म्हणून धर्मशिक्षणाच्या ग्रंथात दुरुस्ती केली, पण माझ्याच पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, ग्रुपवर कुठलीही बातमी आली की फाशी द्या म्हणणारे तेच, जे मला साक्ष द्यायला बोलावतात. जीवन म्हणजे सगळ्यांचं ना? २०२१ मध्ये कायदा बदलला, गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं, आठवड्यांची मर्यादा त्याला आडवी येत नाही. तेव्हा तसा असता तर मी परत गेले असते का? काही दिवस वाटतं हो, काही दिवस तिच्या लाथा आठवतात. या कायद्याच्या विरोधात सह्या गोळा करायला आले तेव्हा मी सही केली नाही, आणि चांगला कायदा असं म्हणणाऱ्या मैत्रिणीशीही त्याच आठवड्यात भांडले.

गोव्याला त्या पेटीसमोर गर्दी पुढे ढकलत होती, थांबायला मिळतं जेमतेम काही सेकंद. मी त्या मुलीसाठी प्रार्थना केली. तुम्ही सगळे विचारता म्हणून लिहिलं खरं, पण खरा प्रश्न तिनेच विचारला होता, आणि तिलाच मी खोटं सांगितलं. बाळा, हे कुठून तुझ्यापर्यंत पोचलं तर, हो. वाटलं होतं. सोमवारी साडेदहाला मी तिथे होते, फॉर्म भरलेला होता.