गावचं पाणी

पाहुणा आला आणि दुसऱ्या दिवशी शिंकायला लागला, की घरातलं वडीलधारं माणूस निदान करून मोकळं होतं : ‘पाणी बदललं ना!’ डॉक्टर काहीही म्हणोत, गावागावाच्या पाण्यात फरक असतो यावर आपली श्रद्धा अढळ. मला हे थोतांड वाटायचं. मग आमच्या गावात बिअर बनवणारी एक छोटी ब्रुअरी निघाली, आणि दोन ग्लासांनंतर मीसुद्धा त्याच वडीलधाऱ्यांच्या सुरात बोलायला लागलो. ‘ही चव दुसरीकडे मिळणार नाही. शेवटी पाणी!’

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही तुमच्या गावच्या ब्रुअरीचं नाव घेऊन भांडायला उठणार, आणि लेख इथंच आटोपायचा.

पण श्रद्धेला पुरावे होते, असं मला वाटत होतं. बिअरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. शाळेत आपण दुष्फेन पाणी शिकलो, म्हणजे साबणाला फेस येऊ न देणारं. इंग्लंडातल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींचं पाणी या जातीचं, जिप्सम नावाच्या क्षारानं जड झालेलं. त्यात कपडे धुणाऱ्यांचं काय होत असेल ते असो, पण हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या बोंडांचा, कडूपणा त्या पाण्यात असा खणखणीत उतरतो, की एकोणिसाव्या शतकात तिथली पेल एल ही फिकट बिअर दूरदूर गाजली. याच्या उलट चेक देशातलं प्लझेन. तिथलं पाणी अगदी हलकं, म्हणून बिअर सोनेरी आणि जिभेवर मऊ. मात्र या गावच्या अभिमानाची सुरुवात लाजिरवाणी आहे. १८३८ साली तिथल्या लोकांनी गावच्याच बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली, इतकी ती वाईट होती. मग गावकऱ्यांनी मिळून नवी ब्रुअरी बांधली आणि १८४२ साली तिच्यातून ती सोनेरी बिअर निघाली. काढणारा योझेफ ग्रोल मात्र बव्हेरियाचा. म्हणजे पाणी गावचं, हात परगावचा. अभिमानी माणसं हा तपशील हळू आवाजात सांगतात.

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. जर्मनीतली कोलोन आणि ड्युसेलडॉर्फ ही शहरं एकमेकांपासून चाळीसेक किलोमीटरवर, म्हणजे बारा कोसांचा हिशेब जवळजवळ तंतोतंत. कोलोनची कोल्श फिकट सोनेरी, २०० मिलीलिटरच्या उभ्या, अरुंद ग्लासात. ड्युसेलडॉर्फची आल्ट तांबूस तपकिरी. एका शहरात बसून दुसऱ्याची बिअर मागणं म्हणजे लग्नात वधूपक्षाकडे बसून वरपक्षाचं कौतुक करणं. कोलोनच्या ब्रुअरींनी तर १९८६ साली करारच केला, की कोल्श हे नाव आपल्याच भागातल्या बिअरनं लावायचं. गंमत अशी, की बनवण्याच्या पद्धतीनं या दोन्ही बिअर जवळच्या बहिणी. दोन्हीचं यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारं किण्व, उबेत काम करणारं, आणि दोन्ही मग थंडीत मुरवतात. बहिणींचं भांडण जास्तच रंगतं म्हणा.

एवढी शिदोरी घेऊन मी एका सकाळी आमच्या ब्रुअरीत गेलो. आत उकडलेल्या धान्याचा गोडसर, दमट वास भरला होता. भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर मुरत होता. तेवढ्या वेळात धान्यातल्या स्टार्चची साखर होते. ब्रुअर पोरगेलासा, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. त्यानं चमचाभर रस दिला. नुसता गोड, बिअरचा मागमूस नाही. मग हॉप्सची दोन वाळकी बोंडं तळहातावर ठेवून म्हणाला, ‘चोळा.’ चोळली. पिवळी, चिकट भुकटी निघाली आणि लिंबाच्या सालीसारखा वास दरवळला. नाक घासलं तेव्हा भुकटी ओठाला लागली. तो कडूपणा दुपारपर्यंत गेला नाही.

‘आणि पाणी? आपल्या गावचंच ना?’ मी विचारलं. आवाज जरा भरून आला असावा.

‘हो, नळाचंच. पण काका, ते आधी आरओमधून काढतो. सगळे क्षार गेले, की मग ज्या जातीची बिअर करायची त्या मापानं परत घालतो. जिप्सम वगैरे. बर्टनचं पाणी पण इथंच करतो आम्ही.’

मी काही बोललो नाही. माल्ट परदेशचा, हॉप्स दुसऱ्या परदेशचे, यीस्ट पाकिटातलं, आणि आता पाणीही धुऊन-पुसून निनावी केलेलं! मागल्या दाराशी टेम्पो उभा होता. माल्टचा उरलेला ओला चोथा त्यात भरून गुरांना जात होता. गावचं म्हणावं असं तेवढंच खात्रीनं दिसलं.

तरी मी तिथलीच पितो. एक कारण रास्त आहे. हॉप्सचा वास नाजूक असतो, दिवसागणिक विरत जातो, आणि बाटलीला ऊन लागलं तर त्याची घाणच होते. ब्रुअरीच्या धुराड्याच्या सावलीत बिअर प्यावी, असं जर्मन लोक म्हणतात ते यासाठीच. टाकीपासून नळापर्यंत चार पावलं चाललेली बिअर आणि चार महिने गोदामात बसलेली बिअर यांत फरक कळायला जाणकार असावं लागत नाही.

जाणकार मी नाहीच, हे मित्रांनी सिद्ध केलंय. एकदा त्यांनी चार ग्लास भरून समोर ठेवले, नावं झाकली आणि म्हणाले, ‘आपल्या गावची बिअर ओळख.’ मी डोळे मिटून, घोट घोळवून तिसरा ग्लास उचलला आणि आपल्या मातीवर छोटंसं भाषण केलं. तो ग्लास भलत्याच गावचा निघाला. आपली मी ‘पाणचट’ म्हणून बाजूला ठेवली होती.

परवा बाहेरगावचा एक मित्र आला. त्याला ब्रुअरीत नेलं. त्यानं पहिला घोट घेतला, मिशीवरचा फेस पुसला, ग्लास उजेडाकडे धरला आणि म्हणाला, ‘वा! तुमच्याकडचं पाणीच वेगळं आहे रे.’

ब्रुअर काउंटरमागे ग्लास विसळत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मित्राला दुसरा ग्लास मागवला आणि म्हटलं, ‘आहेच मुळी.’