पुढचे सस्पेन्शन: वहीत पाच तास, घड्याळात आठ

गाडीच्या पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनसाठी लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), शॉकअपची (शॉक ॲब्सॉर्बरची) माउंटिंग, बेअरिंग आणि लिंक रॉड (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या बारची जोडदांडी) आणून ठेवल्याचे मागच्या नोंदीत लिहिले होते. ते काम गेल्या दोन शनिवारी कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पार पडले. गाडी 2008 ची स्विफ्ट आहे. कामाला हात घालण्यापूर्वी मी वहीत ‘दोन्ही बाजू मिळून 5 तास’ असे लिहिले होते, प्रत्यक्षात 8 तास 10 मिनिटे लागली. सुटे भाग कसे बदलावेत हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे, या नोंदीत वेळ नेमका कुठे गेला एवढाच हिशेब मांडतो.

आधी ते 5 तास कुठून आले ते सांगतो. वर्कशॉपमधल्या मजुरीच्या तक्त्यांत वेळ तासाच्या दशांशात देण्याची पद्धत आहे; 0.1 म्हणजे 6 मिनिटे. हा वेळ धरताना गाडी लिफ्टवर आहे, हवेवर चालणारी गन हाताशी आहे आणि बोल्ट सरळ सुटणार आहेत, असे गृहीत धरलेले असते. शिवाय एकाच बाजूचा शॉकअप आणि लोअर आर्म एकत्र काढायचा असेल, तर चाक उतरवण्याचा वेळ दोनदा धरायचा नसतो. ही वजाबाकी मी नीट केली, मग आपल्याकडे लिफ्ट नाही म्हणून एकूण आकड्यावर सरसकट थोडी टक्केवारी चढवली आणि समाधानाने वही मिटली. चूक त्या सरसकटपणात होती.

डाव्या बाजूला एकूण 275 मिनिटे लागली. जागा मोकळी करणे, जॅक लावून गाडी स्टँडवर घेणे, चाक उतरवणे आणि चिखल खरवडणे यांत 35 मिनिटे गेली. लिंक रॉडचा नट फिरवला की आतला बॉलही त्याच्याबरोबर फिरत होता. टोकाच्या षटकोनी खाचेत ॲलन की घालून तो धरायचा प्रयत्न केला, तर खाचच गोल झाली, आणि शेवटी हॅकसॉ चालवेपर्यंत 40 मिनिटे झाली. त्यानंतर आला लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट नकलमध्ये (चाकाचा हब ज्यात बसतो त्या लोखंडी भागात) आवळून धरणारा आडवा बोल्ट. त्याने एकट्याने 70 मिनिटे खाल्ली.

या बोल्टची अडचण अशी की तो नुसता सैल करून भागत नाही. बॉल जॉइंटच्या दांड्याला जी खाच असते तिच्यातून तो जातो, त्यामुळे तो पूर्ण बाहेर आल्याशिवाय दांडा खाली उतरत नाही. जुन्या बाजारातून आणलेला दोन फुटी पाइप पान्याच्या दांडीवर चढवला तेव्हा नट कडकन सुटला, पण बोल्ट मात्र पाव फेरा फिरून करकरला आणि थांबला. मग गंज सोडवणारा स्प्रे मारायचा, थोडे पुढे, थोडे मागे फिरवायचे, तांबडी भुकटी बाहेर पडेल तशी पुसायची, पुन्हा स्प्रे मारायचा; अखेरीस आटे दबू नयेत म्हणून नट टोकाशी परत चढवून पितळी दांडीने ठोकत तो बाहेर काढला. नकलची फट पाचर मारून जास्त फाकवण्याचा मोह मी आवरला, कारण तिथे तडा गेला तर अख्खे नकल बदलावे लागते.

त्यापुढचे काम सरळ झाले: लोअर आर्म उतरवायला 25 मिनिटे, शॉकअप बाहेर काढायला 20, स्प्रिंग दाबून माउंटिंग आणि बेअरिंग बदलायला 50 आणि जोडणीला 35. यांपैकी स्प्रिंगच्या कामात घाई करू नये. स्प्रिंग कंप्रेसरने (स्प्रिंग दाबायच्या शिकंज्याने) ती पुरेशी दाबली जाण्याआधी मधल्या नटाला हात लावायचा नाही, आणि तिथे वाचवलेली दहा मिनिटे माझ्या मते वाचवण्याच्या लायकीची नाहीत.

उजवी बाजू 170 मिनिटांत झाली. मी 105 मिनिटांनी तरबेज झालो, असे मात्र नाही. त्यांतली 70 मिनिटे फक्त दोनच जागी वाचली: लिंक रॉड सोडवत न बसता थेट कापला, त्यामुळे 30, आणि आडव्या बोल्टवर आदल्या रात्रीच स्प्रे मारून ठेवला होता, त्यामुळे 40. डावे चाक रस्त्याच्या कडेला साचलेल्या पाण्यातून जास्त जाते, त्यामुळे त्या बाजूला गंजही अधिक असावा, असा माझा कयास आहे.

एकूण 8 तास 10 मिनिटांतली उरलेली 45 मिनिटे अंदाजात मुळीच नव्हती. लोअर आर्मच्या बुशांचे (रबरी जोडांचे) बोल्ट चाके लोंबकळत असताना पूर्ण आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यावर बुशांचे रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून ते आधी हलके लावून, गाडीचा भार चाकांवर आल्यावर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) आवळावे लागतात. लिफ्ट नसलेल्याला त्यासाठी गाडी उताराच्या फळ्यांवर चढवून पुन्हा खाली शिरावे लागते. सुटे भाग आणायला नाना पेठेत मारलेल्या फेऱ्या आणि शेवटचे व्हील अलाइनमेंट मी या हिशेबात धरलेले नाही. शॉकअप नकलपासून सुटला की कॅम्बर (चाकाचा उभा कल) थोडा हलतोच, त्यामुळे आधी खुणा केल्या असल्या तरी अलाइनमेंट टाळता येत नाही.

आता अंदाजाची रीत बदलली आहे. निव्वळ पाना फिरवण्याचा वेळ वेगळा लिहितो आणि प्रत्येक बोल्टचा गंज वेगळा. त्यासाठी आदल्या दिवशी टॉर्च घेऊन गाडीखाली जातो: आटे दिसत असतील तर शून्य, तांबूस असतील तर 20 मिनिटे, पापुद्रे सुटले असतील तर 40. पुढच्या शनिवारी सदाशिव पेठेतल्या मित्राच्या स्विफ्टचे दोन्ही लोअर आर्म बदलायचे आहेत. प्रत्येक बाजूचे मूळ काम 65 मिनिटे, म्हणजे 130. जमिनीवर आवळण्याची 45. अनोळखी पार्किंगमध्ये मांडामांड करायची 20. आणि आडव्या बोल्टांपैकी उजवा तांबूस, डावा पापुद्र्यांचा, म्हणून 60. एकूण 255 मिनिटे, म्हणजे सव्वाचार तास, असे वहीत लिहिले आहे. आज संध्याकाळी दोन्ही बोल्टांवर स्प्रे मारून आलो. डाव्याचा नट कुठला आणि गंज कुठला हे बोटाने चाचपूनच ठरवावे लागले.